काढलेल्या चार ओळी

संपादकांनी फोनवर सांगितलं, "ताई, छापखान्यातल्या गमतीजमती लिहा." हो म्हणून आठवायला बसले, तर गमतींच्या आधी पायच आठवले. बावीस वर्षं मी उभ्याने काम केलं. कंपोझिटरला खुर्ची नसते, कारण खिळ्यांची केस छातीएवढी उंच असते आणि बसून तिच्या वरच्या खणांपर्यंत हात पोचत नाही. आता घरी खुर्ची आहे, पंखा आहे, पण संध्याकाळचे पाच वाजले की पोटऱ्या अजून आपलं गाऱ्हाणं सुरू करतात.

ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. केस म्हणजे लहान लहान खणांचं लाकडी तबक. एकेका खणात एकेका अक्षराचे शिशाचे खिळे. डाव्या हातात धरलेल्या पट्टीत ते एकेक उचलून ओळ जुळवायची. अक्षरं उलटी, आरशात दिसावीत तशी. आठ पानं जुळली की लोखंडी चौकटीत घट्ट आवळायची, तो झाला फर्मा. त्याचं प्रूफ काढायचं, लेखकाने चुका दाखवायच्या, आम्ही दुरुस्त करायच्या. लेखकाने 'छापा' असं लिहून सही केली की पाचशे प्रती काढायच्या. मग सगळ्यात कंटाळवाणं काम, मॅटर सोडायचं. म्हणजे फर्मा मोडून प्रत्येक खिळा परत आपापल्या खणात टाकायचा, कारण पुढच्या आठ पानांना तेच खिळे लागणार. वसईतला आमचा छापखाना लहान, खिळे आठ पानांपुरतेच. त्यामुळे एखाद्या लेखकाला पन्नासाव्या पानावर पोचल्यावर दहाव्या पानाचा पश्चात्ताप झाला, तर त्यावर आमच्याकडे इलाज नव्हता.

मालक अण्णा आमच्या आगाशीचेच. मशीन तेच चालवत, प्रूफ तेच काढत आणि गिऱ्हाइकांशी भांडतही तेच. भांडायला गिऱ्हाइकं होतीच. एका लग्नपत्रिकेवर दोन सख्ख्या भावांनी प्रूफात एकमेकांची नावं खोडली. अण्णांनी निमूटपणे दोन प्रकारच्या पत्रिका छापल्या आणि लग्न एकच झालं. चिंचोटीच्या एकाने धबधब्याजवळ भजीचं दुकान टाकलं, त्याचं हस्तपत्रक आलं. त्यात सगळ्यात वर, मोठ्या टाइपात, 'पाण्यात बुडाल्यास आम्ही जबाबदार नाही' आणि त्याखाली भजीचे प्रकार. मी म्हटलं, अहो, क्रम उलटा करा. तर म्हणाला, "बाई, तुम्ही आमची गिऱ्हाइकं बघितली नाहीत."

पण मला लिहायचं आहे ते इनास डॉक्टरांबद्दल, त्यांच्या पुस्तकाबद्दल आणि मी केलेल्या एका आगाऊपणाबद्दल.

इनास डॉक्टर पापडीचे. सत्तरीच्या पुढे गेले होते, तरी सकाळ-संध्याकाळ दवाखाना चालवत. दर गुरुवारी दुपारी ते छापखान्यात येत; पहिल्यांदा आले तेव्हा काखेत वह्यांचं बासन होतं. सतराव्या शतकात लंडनमध्ये होऊन गेलेल्या एका इंग्रज वैद्याचं त्यांनी मराठीत चरित्र लिहिलं होतं. लिहायला अकरा वर्षं लागली होती. अण्णांनी विचारलं, "हे वाचणार कोण?"

"तुमच्या कंपोझिटरबाई तरी वाचतीलच," डॉक्टर म्हणाले. "त्यांना सुटका नाही."

पहिल्याच आठवड्यात अडलं. त्या वैद्याच्या इंग्रजी नावावर दोन अर्धचंद्र होते. आमच्याकडे अर्धचंद्राचे खिळे मोजके, आणि डॉक्टर एका पानात दहा-बारा वेळा नाव घेणार. तिसऱ्या पानावर अर्धचंद्र संपले. मी तसं सांगितल्यावर डॉक्टर हसून म्हणाले, "त्याला 'लंडनवैद्य' म्हणू या. त्याला नावाची एवढी हौस नव्हती." तेव्हापासून तो लंडनवैद्य झाला, आणि माझ्यापुरता अजूनही तोच आहे.

दर आठवड्याला आठ पानं, कधी लग्नसराईत तीही नाहीत. लंडनवैद्याचा जन्म, लढाईत गेलेलं तारुण्य, त्याचं वैद्यक, सगळं मी एकेका अक्षराने जुळवलं. त्या काळचे वैद्य म्हणे जुन्या ग्रंथांत बघून औषध देत, रोग्याकडे फारसं बघत नसत. हा रोग्याच्या उशाशी बसे. ताप कधी चढला, कधी उतरला, त्या दिवशी हवा कशी होती, वारा कुठला होता, सगळं लिहून ठेवी. काचेच्या हंडीत चिमणी ठेवून ती किती वेळ श्वास घेते हे पाही आणि ती मलूल झाली की हंडी उचलून तिला सोडून देई. शेजारी हसत. निसर्गाला प्रश्न विचारणारा माणूस, असं डॉक्टरांनी त्याच्याबद्दल लिहिलं होतं.

डॉक्टर स्वतःही त्यातलेच. त्यांच्या वहीत रोज भरती-ओहोटी, वारा आणि तापाचे रोगी लिहिलेले असत. तिसऱ्या-चौथ्या गुरुवारी माझ्याकडे बघून म्हणाले, "कुंदा, हिरड्या दाखव." मी चक्रावले. त्यांनी खिडकीशी नेऊन माझं तोंड तपासलं. शिशाने हिरडीवर निळसर रेघ येते म्हणे. माझ्या हिरडीवर ती पुसटशी आली होती. त्यांनी अण्णांना असं काही झापलं की दोन दिवसांत छापखान्यात बेसिन आलं, साबण आला आणि डबा खाण्याआधी हात धुण्याचा नियम आला. तोवर मी तेच काळे हात चपातीला लावत होते. त्याआधी वीस वर्षांत कुणाला माझ्या तोंडात बघावंसं वाटलं नव्हतं. त्या दिवसापासून हा माणूस माझ्या लेखी चुकू शकत नव्हता, आणि पुढचा घोळ त्यातूनच झाला.

प्रूफ मिळेपर्यंत ते माझ्याशेजारी उभे राहत आणि जुळवलेले खिळे बघत. वर्षभरात त्यांना उलटी अक्षरं वाचता यायला लागली. मी म्हटलं, "डॉक्टर, आता दवाखाना बंद पडला तरी पोटाची चिंता नाही." त्यांना ते फार आवडलं. दवाखान्यात आलेल्या रोग्यांनाही ते हे सांगत.

मग नववं प्रकरण आलं. लंडनमध्ये प्लेग आला आणि आमचा लंडनवैद्य बायकामुलांना घेऊन शहराबाहेर खेड्यात निघून गेला. साथ ओसरल्यावर परतला. डॉक्टरांना हे सहन होत नव्हतं. अकरा वर्षं ज्याच्यासोबत काढली तो ऐन वेळी पळाला! त्यांनी त्यावर चार ओळींचं एक वाक्य लिहिलं होतं, आणि ते इतकं कडक होतं की जुळवताना माझा हात थबकला. मी म्हटलं, "डॉक्टर, बिचाऱ्याला मुलंबाळं होती."

"सगळ्यांनाच असतात," ते म्हणाले. प्रूफावर 'छापा' लिहून त्यांनी सही केली.

तो सप्टेंबर महिना होता. त्याच आठवड्यात सुरतेहून प्लेगच्या बातम्या आल्या. सुरत आपल्याच रेल्वेमार्गावर, त्यामुळे गुजरातकडून येणारी प्रत्येक गाडी लोकांना यमाची वाटायला लागली. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या औषधाच्या दुकानांतून नाहीशा झाल्या. लोक तोंडाला रुमाल बांधून भाजी घेत. घरात उंदीर मेला की अख्खी इमारत खाली उतरे. आज हसू येतं, तेव्हा कुणी हसत नव्हतं.

आणि इनास डॉक्टरांच्या दवाखान्याला कुलूप लागलं.

आधी वाटलं, एखाद्या दिवसाचं असेल. तिसऱ्या दिवशी कळलं, डॉक्टर नाशिकला मुलीकडे गेले. बाजारात लोक बोलायला लागले. छापखान्यात आलेलं एक गिऱ्हाईक अण्णांना म्हणालं, "तुमचे लेखक पळाले वाटतं! आता पुस्तकात काय छापणार?" मला ते फार लागलं. नववं प्रकरण समोरच चौकटीत आवळलेलं होतं, दुसऱ्या दिवशी मशीनवर चढणार होतं. त्यातलं ते वाक्य. उद्या हे पुस्तक हातात घेऊन गावातला कुणीही सोम्यागोम्या ते वाक्य डॉक्टरांच्याच तोंडावर फेकणार.

मी चौकट सैल केली आणि त्या चार ओळी काढल्या. पानात खड्डा पडला, तो भरायला परिच्छेदांमध्ये शिशाच्या कोऱ्या पट्ट्या घातल्या. पान थोडं मोकळं दिसलं, पण कुणाला कळलं नसतं. अण्णांना सांगितलं नाही. सही केलेल्या प्रूफाला कंपोझिटरने हात लावायचा नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. बावीस वर्षांत मी तो तेवढाच एकदा मोडला. फर्मा छापला गेला, मी मॅटर सोडलं, ते खिळे आपापल्या खणात गेले.

नऊ दिवसांनी डॉक्टर परतले. कुणी त्यांना काही बोललं नाही. रोगी पूर्वीसारखेच यायला लागले. गुरुवारी ते छापखान्यातही येत, पण उभे न राहता अण्णांच्या स्टुलावर बसत. छापलेले फर्मे बघायला मागत नसत. माझ्या हिरड्या तपासणंही बंद झालं.

पुढच्या महिन्यात पाचूबंदरची फिलूमावशी आली. तिचा नवरा पेद्रू वारला होता. महिन्याच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, वाटायला आठवणीचं कार्ड छापायचं होतं. फोटोशिवाय, नुसतं नाव, तारखा आणि एक लहान प्रार्थना. मी लिहून घेता घेता विचारलं, "काय झालं होतं गं मावशी?"

"ताप व्हता. चार दिस अंगात फुलला व्हता नुसता." ती खाली बसली. "दोन खेपा डॉक्टरकडं गेले. दाराला कुलूप. दुसरा कोन हात लावीना, पिलेग हाय म्हनून. मंग मोठ्या इस्पितळात नेला, तवर उशीर झालेला. पिलेग नव्हता, नुसता तापच व्हता, असं मागून सांगितलं."

मी तारीख लिहून घेतली. तीच म्हणाली, "कोनाला काय बोलायचं? जो तो जिवाला भितो."

गुरुवारी ते कार्ड जुळवून दगडी टेबलावर ठेवलेलं होतं, प्रूफ काढायचं बाकी होतं. मी केसकडे तोंड करून उभी होते, म्हणून डॉक्टर कधी टेबलाशी गेले ते मला दिसलं नाही. त्यांचा आवाज तेवढा आला.

"कुंदा, हा पेद्रू बंदरावरचा?"

मी वळले. ते वाकून उलटी अक्षरं वाचत होते. मीच शिकवलेली.

"हो, डॉक्टर."

त्यांनी तारखेवर बोट ठेवलं आणि ओठांतल्या ओठांत मोजलं. "मी जाऊन पाचवा दिवस," ते म्हणाले. मग सरळ उभे राहिले. माझ्याकडे वळून म्हणाले, "नवव्या प्रकरणाचा छापलेला फर्मा दाखव."

मी गठ्ठ्यातला कागद काढून दिला. त्यांनी पान वाचलं. परत वाचलं. बोटाने ओळी मोजल्या. "माझं वाक्य कुठे आहे?"

"मी काढलं."

अण्णांनी मशीन थांबवलं.

"का?"

"लोक तुम्हालाच बोलले असते."

मला वाटलं होतं ते चिडतील. ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते स्टुलावर बसले आणि चष्मा पुसत राहिले. "कुंदा," ते म्हणाले, "तीनशे वर्षांपूर्वीच्या माणसाला मी सोडलं नाही. आणि तू मला सोडून दिलंस? ते वाक्य परत घाल. त्याखाली आणखी दोन ओळी मी लिहून देतो."

परत घालायचं म्हणजे काय ते मलाच ठाऊक होतं. मॅटर सुटलेलं. पाचशे कागद दोन्ही बाजूंनी छापलेले, कागद संपलेला. त्यातून अण्णा छापखाना विकायला निघाले होते. विरारला कॉम्प्युटरवाले आले होते, गिऱ्हाइकांना आता शिशाची अक्षरं नको होती, खिळे भंगारात वजनावर जायचे होते. अण्णा म्हणाले, "फर्मा परत होणार नाही, डॉक्टर. चिठ्ठी छापून देतो. प्रत्येक प्रतीत त्या पानावर चिकटवू."

ती चिठ्ठी मी जुळवली. डॉक्टर शेजारी उभे होते, पुन्हा पूर्वीसारखे. प्रूफ न काढताच त्यांनी खिळ्यांवरून ती वाचली आणि आपल्या लिहून दिलेल्या कागदावरच 'छापा' अशी सही केली. पाचशे चिठ्ठ्या छापून झाल्या. मी हाताने जुळवलेलं ते शेवटचं काम. त्यानंतर आठवड्याभरात खिळ्यांची पोती टेम्पोत गेली.

पुस्तक बांधणीला गेलं आणि बांधणीवाल्याने नेहमीप्रमाणे तीन महिने लावले. त्या अवधीत डॉक्टर गेले. झोपेत गेले, कुणाला त्रास न देता. पापडीच्या चर्चमध्ये उभं राहायला जागा नव्हती.

प्रती आल्या त्या दिवशी नाशिकहून त्यांची मुलगी रोझीताई आल्या. मी खळीचं भांडं घेऊन बसलेच होते. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि उलटी ठेवली. "ही लावू नका."

"डॉक्टरांनी सही केली आहे."

"माहीत आहे. मला सांगितलं होतं त्यांनी." त्या समोर बसल्या. "कुंदाताई, बाबा येत नव्हते. मी फोन केला, मी आजारी आहे म्हणून. खोटं सांगितलं. ते इथे राहिले असते तर मला वेड लागलं असतं. तिथे आल्यावर त्यांना कळलं, तेव्हा परत निघाले होते, मी पाय धरले. मग राहिले."

"मग हे त्यांनी चिठ्ठीत का नाही लिहिलं?"

"मी तेच म्हटलं. तर म्हणाले, रोझी, ते लिहिलं की त्याची सबब होते." त्यांनी डोळे पुसले. "ते गेलेत. लोक त्यांना चांगलं म्हणताहेत. राहू द्या ना तसंच."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. प्रती आता रोझीताईंच्या होत्या. मनात आलं, हो म्हणावं आणि मागून चिठ्ठ्या गुपचूप लावून टाकाव्यात. पण गुपचूप काही करायची हौस माझी एकदा फिटली होती. मी खळीचं भांडं झाकलं. एवढंच म्हणाले, "चिठ्ठ्या मी फाडणार नाही. माझ्याजवळ राहतील." त्यांनी मान हलवली.

त्या चिठ्ठ्या बिस्किटांच्या डब्यात ठेवून मला आता खूप वर्षं झाली. हा लेख लिहिण्याआधी मी रोझीताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "लिहा. माझं खोटंही लिहा. ते झाकून ठेवून दमले मी." म्हणून लिहिते आहे.

पुस्तकाचं प्रकाशन चर्चच्या हॉलमध्ये झालं. भाषणं झाली, डॉक्टरांनी आयुष्यभर रोग्याची साथ सोडली नाही असं दोन वक्त्यांनी सांगितलं. रोझीताई खाली बघत होत्या. मी मागच्या रांगेत होते. माझ्या पिशवीत एक चिठ्ठी होती, का घेतली होती ते मलाही ठाऊक नव्हतं. बाहेर पडताना फिलूमावशीने हाक मारली. तिने एक प्रत घेतली होती.

"बाय, मला वाचता येत नाय. पेद्रूच्या कार्डाची अक्षरं तूच केली ना? मंग तूच सांग. डॉक्टरनं यात काय लिवलंय?"

मी लंडनवैद्य, चिमणी आणि हंडी सांगायला लागले. ती ऐकत होती, पण तिला ते नको होतं हे दिसत होतं. मग मी पिशवीतून चिठ्ठी काढली आणि हॉलच्या पायरीवर बसून तिला वाचून दाखवली.

'तापात पडलेल्या माणसांना सोडून जो वैद्य गावाबाहेर जातो, त्याने परत येऊन हजार नाड्या पाहिल्या तरी जी एक नाडी पाहायची राहिली, ती त्याच्या बोटांना जन्मभर लागत नाही. हे वाक्य मी दुसऱ्याविषयी लिहिले होते. नंतर मीही नऊ दिवस दाराला कुलूप लावून गेलो. त्या दिवसांत माझ्या दाराशी कोण येऊन गेले ते मला ठाऊक आहे. लेखक.'

मग तिने विचारलं, "कोन आलं व्हतं ते ठाऊक हाय, असं लिवलंय?"

"हो."

"परत वाच."

मी परत वाचलं. तिने चिठ्ठी माझ्या हातातून घेतली, उलटसुलट करून पाहिली. प्रार्थनेच्या पुस्तकातून पेद्रूचं कार्ड काढलं, चिठ्ठी त्यावर ठेवली आणि दोन्ही एकत्र आत ठेवून दिली. पुस्तकाची प्रत मात्र तिने माझ्याच हातात दिली.

"ह्ये ठेव तू," ती म्हणाली. "माझं झालं वाचून."